चोडणात दोन हजार कांदळाची (खारफुटीची) रोपं फुकट मिळतायत. घ्यायची का?

चोडणची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

मी मूळची वाळपईची, डोंगराकडची. लग्न होऊन चोडणात, मांडवीतल्या या बेटावर आले तेव्हा भरती रोज एकाच वेळी येत नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आता चौदा वर्षं रोज रायबंदरची फेरी धरून पणजीला कामाला जाते, त्यामुळे नदीची वेळ घरच्या घड्याळापेक्षा जास्त पाठ आहे.

चार वर्षांपूर्वी फेरीतल्याच ओळखीतून आम्ही आठ जण जमलो. दोन शिक्षिका, एक नर्स, फेरीवरचा एक खलाशी, कॉलेजची तीन पोरं आणि मी. रविवारी ओहोटी बघून दोन-अडीच तास काम करायचं. आमच्या मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. व्हॉट्सअॅपवर गट तेवढा आहे, त्याचं नाव 'चिखलकाला'. (चिखलकाला हा माशेलच्या देवकीकृष्णाचा चिखलात खेळायचा उत्सव, पण तो देव मूळ आमच्या चोडणचा, तेव्हा माशेलकरांनी नाव चोरलं म्हणून भांडू नये.) पक्षी अभयारण्यात आम्ही पाऊल टाकत नाही. त्याच्या अलीकडे, गावाच्या बाजूच्या बांधावर आमचं काम असतं. मुळांत अडकलेला थर्माकोल, बाटल्या, फाटकी जाळी काढायची आणि वरच्या उतारावर रानमोडी, ते मोकाट पसरणारं तण, उपटायची.

दुसऱ्या वर्षी हौस आली. पावसात बांधाला कांदळाच्या शेंगा लागतात ना वाहून, हातभर लांब हिरव्या, त्या गोळा केल्या. ३१२ भरल्या. बांधासमोर ओहोटीला जी चिखलाची मोकळी पट्टी उघडी पडते तिथे दोरी धरून, हाता-हाताच्या अंतरावर, पलटणीसारख्या रांगेत लावल्या. गुडघाभर चिखलात पाच रविवार गेले. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे. फोटो छान आले, सासूबाईंनी गावभर दाखवले.

दिवाळीला मोजल्या तेव्हा चाळीस होत्या. शिगम्याला सहा. मेलेली एक उपटून बघायला गेले तर दांडीला खालपासून वरपर्यंत पांढरी खरखरीत टरफलं चिकटलेली, हात लावताच बोट कापलं. पानांवर गाळाचा लेप, वाळल्यावर मेंदीसारखा तडकलेला. आणि ज्या सहा जगल्या त्या रांगेतल्या नव्हेतच. उरलेल्या शेंगांचा गठ्ठा खलाशीभाऊंनी कंटाळून बांधाच्या पायथ्याशी खुपसून ठेवला होता, त्यातल्या त्या.

गंमत पुढेच आहे. तिथून पन्नास पावलांवर एका लहान ओहोळाच्या तोंडात जुनं जाळं गुरफटून बसलं होतं, त्याच्यामागे पाणी कुजत होतं. आम्ही ते जाळं काढलं, बाकी काही केलं नाही. पुढच्या पावसानंतर तिथे तिवराची (हीसुद्धा खारफुटीच) रोपं अशी उगवली की मेथी पेरली वाटावं. मी ओढणीची घडी घालून चौकोन केला आणि त्यातली मोजली: सत्तावीस. माझे सासरे हे बघून एवढंच म्हणाले, "तुम्ही लावलीत ती मेली, आणि ज्याला वाट दिलीत तो आला." नंतर आठवडाभर तेच वाक्य फिरवून फिरवून ऐकवलं.

आता प्रश्न. एका कंपनीचा माणूस आलाय. जुलैत दोन हजार रोपं देतो म्हणतो, पिशव्यांतली, सोबत टी-शर्ट, बॅनर, नाश्ता. अट अशी की रोपं त्याच मोकळ्या चिखलात लावायची, कारण ती जागा फेरीतून दिसते. वर्षाने किती जगली याचा कागद आम्ही सही करून द्यायचा. कॉलेजची पोरं म्हणतात घेऊया, त्या निमित्ताने गमबूट, हातमोजे, होडीचं भाडं निघेल. पोरांचं चुकत नाही, आजवर सगळा खर्च आम्हीच वाटून घेतलाय.

दुसरीकडे शेजारचे एक काका आमच्याशी बोलेनासे झालेत. त्यांच्या शेताचा बांध काही वर्षांपूर्वी फुटला, खारं पाणी आत शिरलं, आता तिथे पुरुषभर तिवर उभे आहेत. ते म्हणतात, "तुमच्या झाडांनी माझं वायंगण खाल्लं." (वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक.) आम्ही त्यांच्या शेतात एक काडी लावलेली नाही, पण समजावणार कसं?

तर रोपं घेऊ का? घेतली तर लावू कुठे? आणि काकांना काय सांगू?

खाजनकार दिवाडी

ताई, तुमच्या काकांच्या बाजूने बोलतो. मी दिवाडीचा, आमचं पण खाजन (खारं पाणी बांधाने अडवून केलेलं शेत) आहे, निम्मं पडीक.

शहरातून येणाऱ्यांना वाटतं कांदळ म्हणजे देव. असेल. पण त्या देवाची जागा बांधाच्या बाहेर. बाहेर असला की लाट अंगावर घेतो, बांध वाचवतो. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे बार्ज दिवसरात्र मांडवीतून जायचे, त्यांच्या लाटांनी किती बांध खाल्ले ते आम्ही बघितलंय. जिथे बाहेर झाडं होती तिथे बांध टिकले. तोच कांदळ बांधावर किंवा आत आला की मुळं मातीत घुसतात, कुर्ल्या बिळं करतात, आणि एका उधाणाला त्याच बिळातून पाणी आत. आधी मुठीएवढं भोक, सकाळी बैलगाडी जाईल एवढी वाट.

खाजन ही नुसती जमीन नव्हे, यंत्र आहे. बांध, आतली पोंय (पाणी साठायची खोलगट जागा) आणि मानस (पाण्याची ये-जा राखणारं दार). मानसीचं लाकडी दार भरती चढली की बाहेरच्या दाबाने आपसूक मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. वीज नाही, मोटार नाही. पावसात खार धुवून निघते मग कोरगूट भात पेरतात, तो थोडी खार सोसतो. मानसीवर मासळी मिळते ती वेगळी. हे सगळं कुणीतरी राखावं लागतं. पूर्वी गावकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, राखायची, आता कुळांच्या संघटनेवर आलंय, आणि संघटनेच्या बैठकीला किती जण येतात ते विचारू नका.

मानस मोडली की दोन पावसाळ्यांत आत तिवर. मग तो तोडायला गेलात तर कायदा आडवा येतो. तुमचे काका रडतात ते यासाठी. शेत त्यांचं, सात पिढ्यांचं, आणि आता त्यांनाच त्यात कोयता घालता येत नाही. ज्याचं गेलं त्याला 'जैवविविधता' म्हणून बघा सांगून.

कंपनीला पैसेच द्यायचे असतील तर बांधाला आणि मानसीच्या दाराला द्या म्हणावं. बघू किती जण टी-शर्ट घालून माती वाहायला येतात.

पर्वरीचा पोर

घ्या की! नाश्ता तरी सुटेल 😄 पण खरं विचारतो, एवढ्या चिखलात मगर नाही का तिथे?

चोडणची सून

पर्वरीकर, मानगे कुंभारजुव्याच्या खाडीत आहेत हे सगळ्या गोव्याला माहीत आहे. आम्ही उजाडल्याशिवाय उतरत नाही आणि खलाशीभाऊ आधी काठीने पाणी हलवून बघतात. माझी मावशी दुर्भाटला दिलेली आहे, तिच्याकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, डोळ्यांना शिंपले लावतात. ती मला म्हणते, "तू रोज त्यांच्या घरात जातेस, एक दिवस तरी हात जोड." जोडते. आजवर तरी समोर आलेला नाही.

खाजनकार दादा, तुमचं पोस्ट मोठ्याने वाचून दाखवलं घरी. सासरे म्हणाले हा माणूस आपला.

जुनी वनस्पतीवाली

ताई, मी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे, मडगावला असते. तुमच्या ३१२ शेंगांचा हिशेब वाचून मला माझी जुनी पापं आठवली. आम्हीही विद्यार्थ्यांना घेऊन असंच केलेलं आहे.

झालं काय ते सांगते. खारफुटी भरतीच्या पट्ट्यात वाढते हे खरं, पण त्या पट्ट्याच्या वरच्या निम्म्यात. समुद्राची सरासरी पातळी धरा आणि उधाणाची सर्वात उंच भरती धरा, या दोहोंच्या मधली जागा तिची. त्याखालचा चिखल दिवसाचे इतके तास पाण्याखाली असतो की कोवळ्या रोपाला श्वास पुरत नाही. वर बार्नेकल. तुमचं बोट कापलं ती टरफलं तीच. जितका जास्त वेळ बुडलेलं, तितकी ती जास्त बसतात, आणि त्यांच्या वजनाने दांडी वाकते. तुमच्या खलाशीभाऊंनी कंटाळून योग्य जागा निवडली, कारण बांधाचा पायथा उंचावर होता. अवजारं नकोत, एवढंच बघा: जवळपास आपसूक उगवलेलं सर्वात खालचं रोप कुठे आहे? त्याच्या खाली काही लावायचं नाही. ओढणीने मोजणारी बाई हे सहज करेल.

हे फक्त चोडणचं नाही. फिलिपीन्समध्ये वर्षानुवर्षं अशीच रायझोफोरा, म्हणजे तुमचा कांदळ, मोकळ्या चिखलपट्टीवर लावली. लावायला सोपी, शेंग खुपसली की झालं. पैसा ओतला आणि दीर्घकाळ जगली ती १० ते २० टक्के. जी जागा रिकामी होती ती रिकामी का होती, हे आधी कुणी विचारलं नाही.

आणि ती 'रिकामी' नाहीच हो. थंडीत उत्तरेकडून येणारे तुतवार त्याच चिखलात चोच खुपसून किडे, शंखातले जीव वेचतात. तुमच्या बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली अभयारण्य केलं, ते जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे. पक्षी काही त्याची हद्द बघून उतरत नाहीत, ते समोरच्या उघड्या चिखलावरही जेवतात. दोन हजार रोपं समजा जगलीच, तर त्यांचं ताट गेलं. किनारी नियमनाच्या अधिसूचनेत जिवंत चिखलपट्टीही खारफुटीइतकीच जपायच्या यादीत आहे, हे कंपनीच्या माणसाला ऐकवा. ते पटकन समजतात अशा गोष्टी.

तुमच्या ओहोळाजवळ तिवर का आला? कारण बी होतंच. पावसात मांडवी गोडी होते, तेव्हाच तिवराचं बी गळतं आणि पाण्याबरोबर फिरतं. त्याला फक्त येण्याजाण्याला वाट आणि टेकायला योग्य उंची हवी. तुम्ही जाळं काढलंत, पाणी खेळतं झालं. हीच खरी लागवड, फोटो मात्र येत नाही.

एक सावधगिरी. तिथे हुरा असणार, चकचकीत पानांचा, मोडला की पांढरं दूध येतं तो. ते दूध डोळ्यात गेलं तर दिवसभर डोळा उघडत नाही, आणखी वाईटही होऊ शकतं. पोरांना जाळी ओढताना चष्मे द्या. आणि मारांडी काटेरी आहे म्हणून साफ करून टाकू नका. तिच्या जांभळ्या फुलांखालच्या जाळीत बरंच काही लपतं.

खाजनकार, तुमच्या रागाशी मी सहमत आहे. २०११च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळं कलम आहे: खाजनालगतची खारफुटी जपा आणि खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करा, दोन्ही एकाच वाक्यात. आपल्याला त्यातला पहिला भाग पाठ आहे.

खाजनकार दिवाडी

मॅडम, हे वाक्य कुणी आमच्या बैठकीत येऊन वाचलं असतं तर बरं झालं असतं. बाकी फिलिपीन्सचं वाचून बरं वाटलं, म्हणजे शहाणपण सगळीकडे सारखंच.

भिरंडवाला माशेल

नाव चोरल्याबद्दल माफ केलं 🙂

उताराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रानमोडी कधी उपटता? आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाला मी दहा वर्षं तिच्याशी भांडतोय. आधी कोयत्याने कापायचो, उन्हाळ्यात. बुंध्यातून चौपट फुटायची. आता फक्त आषाढ-श्रावणात, माती लोण्यासारखी असताना, मुळासकट उपटतो. थंडीत ती फुलते आणि मग कापसासारखं बी वाऱ्यावर उडतं, त्याच्या आधी हात फिरला पाहिजे. उपटलेली तिथेच मुळं वर करून ठेवायची. जाळू नका, जाळलेल्या जागी पहिली तीच येते.

आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच काही हवं, नाहीतर परत तीच. पिशवीतली रोपं घ्यायचीच तर कांदळ कशाला, ही घ्या: बांधाच्या जमिनीकडच्या अंगाला परसभेंडी, उंडी, करंज. ओलसर कोपऱ्यात केगद (केवडा). वर उतारावर भिरंड (कोकम), जांभूळ, सातवीण. ऑस्ट्रेलियन अकेशिया कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. एकेकाळी डोंगरांवर लावला, आज त्याच्या पाचोळ्याखाली गवताची काडी उगवत नाही.

चोडणची सून

मंडळी, तीन आठवडे झाले, सांगायला आले.

आधी जुनी मॅडम म्हणाल्या ते केलं. अमावास्येच्या उधाणाला भरती उतरताना आठही जण बांधावरून खाली बघत चाललो, सर्वात खालचं आपसूक रोप कुठे आहे ते. पांढऱ्या चुन्याने दगडांवर खुणा केल्या. आमची रांगेतली सगळी रोपं त्या खुणेच्या खाली, कमरेइतकी खोल! कॉलेजच्या पोरांनी रांगेच्या जागेकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि दोन हजारांचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच फेरीत बांधाच्या एका कोपऱ्यावर काळपट, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी घाण दिसली. वास असा की नर्सबाईसुद्धा मागे सरल्या. खलाशीभाऊंनी सांगितलं, पाणमांजराची शी. ती ठरलेल्या जागीच येतात म्हणे. म्हणजे आम्ही नेमका तोच कोपरा पुढच्या रविवारी 'साफ' करायचं ठरवलं होतं! तो आता यादीतून काढलाय.

कंपनीच्या माणसाला आपल्या सगळ्यांचं मिळून पत्र लिहिलं: दोन हजार कांदळ नको, दीडशे भेंडी-उंडी-करंज द्या, रानमोडी उपटायला आषाढात माणसं द्या, आणि मानसीच्या दाराचं लाकूड द्या. जगल्याचा कागद तीन वर्षांनी देऊ, एका वर्षाने नाही. त्याने 'वर कळवतो' म्हटलं. अजून वरून काही आलेलं नाही. नाश्त्याचं तर नावच नाही, पर्वरीकर.

काकांकडे सासऱ्यांना घेऊन गेले. खाजनकार दादांचं लिहिलेलं सासऱ्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं, जणू त्यांचंच. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आतले तिवर तुम्ही लावले नाहीत हे मला ठाऊक आहे. पण कुणावर तरी रागवायला पाहिजे ना." कुळांच्या बैठकीला आम्ही दोघी-तिघी येऊ का विचारलं, तर म्हणाले, "या. खुर्च्या रिकाम्याच असतात." मानस बघायला मात्र त्यांनी स्वतः नेलं. दाराची एक फळी अर्धी कुजलीय, तिथून भरतीचं पाणी सरळ आत जातं, बोटाने दाखवता येतं. वायंगणाचं माहीत नाही, पण ती फळी पावसाआधी बदलायची असं ठरलंय. लाकूड कुठलं घालायचं यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण चालू आहे, तेवढं संपलं की काम सुरू.

येत्या रविवारी सकाळी ओहोटी आहे, सहाच्या फेरीने कुणी येत असेल तर चोडणच्या धक्क्यावर भेटू. आणि सात नंबरचे गमबूट कुणाकडे पडून असतील तर सांगा, माझी एकच चप्पल उरलीय.